कोपऱ्यातले खेळाडू : बचावाच्या श्रेष्ठतेची मोजदाद

मराठी वाचकाला क्रमवारीचे वावडे कधीच नव्हते. ओवीवर ज्ञानदेवांचे नाव लिहावे, अभंगावर तुकोबांचे, श्लोकावर वामनपंडितांचे आणि आर्येवर मोरोपंतांचे, असा निवाडा देणारे जुने पद्य आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून शालेय वयातच गेलेले असते. त्या पद्याकडे काव्याचा नमुना म्हणून न पाहता समीक्षेचा नमुना म्हणून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. 'सर्वांत मोठा कवी कोण?' हा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही. त्याने छंदवार वाटणी केली आणि प्रत्येक छंदापुरता एकेक मानकरी ठरवला. पुढे माडखोलकरांनी 'आधुनिक कविपंचक' लिहिले, तेव्हा पाचांची निवड झाली, पण छंदाची ही अट मात्र गळून पडली होती. आमच्या मते जुन्या पद्याची रीत अधिक न्याय्य होती.

क्रीडेच्या इतिहासात याच रीतीला स्थानवार क्रमवारी म्हणतात. अमेरिकन बेसबॉलचे रसिक 'सर्वश्रेष्ठ खेळाडू' या वादाइतक्याच तावातावाने 'सर्वश्रेष्ठ तिसरा बेसमन' हा वाद घालतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचे जोरकस फटके सरळ या माणसाच्या अंगावर येतात, म्हणून त्या जागेला तिकडे 'गरम कोपरा' असेच नाव आहे. युरोपात फुटबॉलच्या बचावपटूंविषयी असेच वाद चालतात. वाचकांना हा विषय दूरचा वाटेल, पण कोपरा हा शब्द आपल्या कबड्डीतही आहे, आणि त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या गड्याचे मोल कसे करायचे हा प्रश्न मुळात इतिहासलेखनाचाच आहे. जे घडले त्याची नोंद होते. जे घडू दिले गेले नाही त्याची नोंद कशी करायची?

बेसबॉलने हा प्रश्न फार लवकर ओळखला. हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पत्रकाराने क्रिकेटच्या धावफलकाचा धागा पकडून बेसबॉलची तक्तेवजा नोंद रूढ केली. तीत क्षेत्ररक्षकाच्या चुकाही मोजल्या जात. येथेच मेख होती. जो चपळ आहे तो दूरच्या चेंडूपर्यंत पोहोचतो आणि त्यातला एखादा त्याच्या हातून सुटतो. जो जागचा हलत नाही त्याच्या नावावर चूक लागतच नाही. निष्क्रिय माणूस कागदावर निर्दोष ठरतो. (परीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्या आमच्यासारख्यांना हा प्रकार अपरिचित नाही. धाडसाने स्वतःचे मत मांडणाऱ्या उत्तरपत्रिकेत लाल शाई अधिक सांडते.) खुद्द चॅडविकलाही ही उणीव जाणवली होती. पुढे बिल जेम्स यांनी १९७० च्या दशकात खेळाडू किती चेंडूंपर्यंत पोहोचला हे मोजण्याचा आग्रह धरला, तेव्हा ती काही अंशी भरून निघाली.

तरीही तिसऱ्या बेसवरचा पहिला क्रमांक बहुतेक याद्या फिलाडेल्फियाच्या माइक श्मिट यांना देतात. त्यांचे क्षेत्ररक्षण उत्तम होतेच, पण त्यांना वर नेऊन बसवले ते ५४८ होमरन्सनी. बाल्टिमोरचे ब्रूक्स रॉबिन्सन यांना १९६० ते १९७५ अशी सलग सोळा वर्षे सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लोव्ह' मिळाला. १९७० च्या अंतिम मालिकेत सिनसिनाटीविरुद्ध त्यांनी अडवलेले चेंडू आजही चित्रफितींतून पाहिले जातात. एवढे असूनही ते सहसा श्मिट यांच्या खालीच. म्हणजे कोपऱ्यातल्या माणसाची पारख झाली ती त्याच्या बॅटवरून! फुटबॉलमध्ये निराळे काय आहे? १९५६ पासून दिल्या जाणाऱ्या 'बॅलन डी'ओर' या मानाच्या पुरस्कारापर्यंत तीनच बचावपटू पोहोचले: बेकेनबाउअर (१९७२ व १९७६), झामर (१९९६) आणि कानावारो (२००६). त्यांतले पहिले दोघे तर बचावफळीतून चेंडू घेऊन पुढे सरसावण्यासाठीच नावाजलेले. इटलीचे फ्रँको बारेसी १९८९ साली दुसरे आले. १७ जुलै १९९४ रोजी पॅसाडिना येथे विश्वचषकाचा अंतिम सामना होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला महिनाही झालेला नसताना बारेसी मैदानात उतरले आणि एकशेवीस मिनिटे ब्राझीलला गोल करता आला नाही. सामान्य स्मृतीत राहिली ती त्यांनी गोलजाळ्यावरून बाहेर मारलेली पेनल्टी. बचावपटूच्या आयुष्यातला आक्रमणाचा एक क्षण इतिहासाने टिपला आणि दोन तासांचा बचाव पुसून टाकला.

आपल्याकडे या अन्यायाचे सर्वांत लख्ख उदाहरण एकनाथ सोळकर (१९४८–२००५) यांचे. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखत. सोळकर २७ कसोटी सामने खेळले आणि त्यांनी ५३ झेल घेतले. वीसहून अधिक कसोटी खेळलेल्या, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंत हे प्रमाण सर्वोच्च म्हणून सांगितले जाते. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांच्या फिरकीवर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटीपासून हाताच्या अंतरावर, शिरस्त्राणाविना ते उभे राहत. ऑगस्ट १९७१ च्या ओव्हल कसोटीत इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला आणि भारताने इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळवला. चंद्रशेखर यांचे ३८ धावांत ६ बळी सर्वांना पाठ आहेत. त्याच डावात, पहिल्या डावात ९० धावा काढणाऱ्या अ‍ॅलन नॉट यांना वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर सोळकरांनी पुढे झेपावत जमिनीलगत टिपले. धावफलकावर उरले ते इतकेच: 'झे. सोळकर गो. वेंकटराघवन १'. त्या 'झे.' या अर्ध्या शब्दात शरीर झोकून देणे मावत नाही. आणि शॉर्ट लेगला सोळकर उभे आहेत म्हणून फलंदाजाने जो फटका खेळलाच नाही, बचावासाठी मागे सरकत जो पायचीत झाला, तेथे तर 'झे.'देखील नाही.

कबड्डीत डाव्या आणि उजव्या कोपरारक्षकाची अवस्था याहून बिकट आहे. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो त्या निमिषात घोट्याला झेप घ्यायची. पकड जमली तर गुण. फसली तर प्रतिपक्षाला गुण आणि स्वतः मैदानाबाहेर. अर्थात झेप न घेणारा येथेही निर्दोष राहतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने निदान पकडीचे गुण वेगळे मोजून खेळाडूच्या नावावर जमा केले, हे तिचे ऋण मान्य करावे लागेल. त्या हिशेबात इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली पाचशे गुणांच्या पुढे गेला, तर चढाईत प्रदीप नरवाल सोळाशेंच्या पुढे. यावरून नरवालला तिप्पट श्रेष्ठ ठरवणे म्हणजे ज्ञानेश्वरीतील ओव्या आणि केकावलीतील श्लोक एकाच तराजूत टाकणे होय. मुंबई आणि पुणे या दोन्ही संघांकडून खेळलेल्या या इराणी गड्याला आम्ही डाव्या कोपऱ्याचा मानकरी मानतो. १९९० पासून सलग सात आशियाई सुवर्णपदके जिंकणाऱ्या भारताला २०१८ मध्ये जकार्त्यात उपांत्य फेरीत रोखणाऱ्या संघात तो होता, ही बाब आम्हां मराठी कबड्डीप्रेमींना बोचते. पण बोचते म्हणून यादी बदलत नसते.

आता खो-खो. आमच्या मते बचावाला स्वतःचे स्वतंत्र माप देणारा हा दुर्मीळ खेळ आहे, आणि ते माप म्हणजे घड्याळ. आठ गडी मधल्या पाटीत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा धावणारा, त्याला दिशा बदलता येत नाही आणि बसलेल्यांच्या मधून जाता येत नाही. पळती करणारे तीन-तीनच्या तुकडीने उतरतात, त्यांना मात्र सगळे मैदान मोकळे. कोण किती मिनिटे-सेकंद टिकला याची नोंद होते आणि वृत्तपत्रातही तसेच छापून येते: अमुक २ मिनिटे १० सेकंद. स्पर्धेच्या अखेरीस उत्कृष्ट आक्रमक आणि उत्कृष्ट संरक्षक अशी बक्षिसेही वेगवेगळी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाला नियमबद्ध करण्यास आरंभ केला. फुटबॉलला जे साधले नाही ते या देशी खेळाने साधले, असे म्हणण्याचा मोह होतो.

मोह आवरावा लागतो, कारण घड्याळही चकवते. तुकडीतला पहिला गडी जेव्हा धावणाऱ्याला साखळीत फिरवत असतो, खांबाजवळ हुलकावण्या देत असतो, तेव्हा उरलेले दोघे दूर उभे राहून दम राखतात. आणि त्यांचेही सेकंद मोजले जातच असतात. पहिला बाद झाला, त्याची वेळ कमी. तिसरा सर्वांत शेवटी बाद झाला, त्याची वेळ सर्वांत अधिक. पहिल्याने अंगावर घेतलेली धाव तिसऱ्याच्या खात्यावर जमा होते. पाळी संपताना जो नाबाद राहिला त्याची खरी क्षमता तर घड्याळाला कळतच नाही. पुढे नियमही बदलले. २०२२ च्या अल्टिमेट खो-खो लीगपासून 'वझीर' आला, ज्याला दिशेचे बंधन नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. तेथे प्रतीक वाईकरच्या पुरुष संघाने नेपाळला ५४–३६ असे, आणि प्रियांका इंगळेच्या महिला संघाने नेपाळलाच ७८–४० असे हरवले. त्या सामन्यांतले सेकंद आणि श्रीरंग इनामदार, उषा नगरकर यांच्या काळातले सेकंद एकाच मोलाचे नाहीत.

इतिहासाची आणखी एक गाठ नकाशात आहे. खो-खोचा पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली सुधीर परब यांना मिळाला आणि पुढच्या वर्षीचा अचला देवरे यांना. दोन्ही नावे मराठी, पण नोंद गुजरातची. १९७४ च्या नीलिमा सरोळकर मध्य प्रदेशच्या. बडोदे आणि इंदूर येथील मराठी वस्तीने हा खेळ वाढवला, हे राज्यवार यादीत दिसत नाही. १९९८ नंतरचा अर्जुन पुरस्कार थेट २०२० मध्ये उस्मानाबादच्या सारिका काळे यांना मिळाला. मधल्या बावीस वर्षांत पळती करणाऱ्या मुली नव्हत्या असे कोण म्हणेल?

आमच्या नंदुरबारचा प्रश्न याच जातीचा आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर येथून जे कोणी खेळले ते 'धुळे' म्हणून, आणि त्याही आधी 'पश्चिम खानदेश' म्हणून. जिल्ह्यात जवळपास सत्तर टक्के लोकसंख्या आदिवासी; नंदुरबार व तळोदा प्रकल्पांच्या आश्रमशाळांत मुले-मुली खो-खो आणि कबड्डी खेळत मोठी होतात, प्रकल्पस्तरावरून विभागस्तरावर जातात. सातपुड्याच्या चढ-उतारावर वाढलेल्या पायांचे कौतुक सगळेच करतात, आणि ते कौतुक आम्हाला थोडे खटकते. हुलकावणी ही पायांत नसते. धावणारा कोणत्या खोच्या मोहात पडेल हे आधी ताडण्यात ती असते. पकडीची आणि पळतीची बुद्धी 'नैसर्गिक काटकपणा' या शब्दाखाली गाडली की त्या मुलीचे नाव श्रेष्ठांच्या यादीत येण्याचे कारणच उरत नाही. दलित आणि ग्रामीण साहित्याला 'अनुभवाचे अस्सलपण' बहाल करून त्यातली रचना नजरेआड करणारी समीक्षा आपण वाचलेलीच आहे.

तर आमची यादी अशी: शॉर्ट लेगला सोळकर, डाव्या कोपऱ्यात अत्राचली, तिसऱ्या बेसवर श्मिट यांना बाजूस सारून रॉबिन्सन, फुटबॉलच्या बचावात पेनल्टीसकट बारेसी. खो-खोसाठी मात्र आम्ही एक नाव घालत नाही, तुकडी घालतो. तिथे वेळ तिघांची मिळून असते. नव्या स्वरूपात ठराविक काळ टिकल्याचा जादा गुणही तुकडीच्या टिकण्यावरच मिळतो. म्हणून आमच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना आम्ही सुचवले आहे, की गावोगावच्या निवृत्त क्रीडाशिक्षकांना आणि आता संसारात पडलेल्या जुन्या खेळाडूंना भेटून स्थानिक इतिहास लिहिताना 'तुमच्या काळात सर्वांत चांगले कोण पळायचे?' असे विचारू नये. तुकडीतली तिन्ही नावे विचारावीत, आणि आधी कोण अंगावर घ्यायचे तेही.