मातीचा धडा आणि ‘इंदूर पद्धत’

शाळेत माती शिकवायची म्हणजे फळ्यावर तिचे थर काढायचे आणि प्रकारांची नावं पाठ करून घ्यायची, असा रिवाज पडला आहे. निदान आपल्या इंदुरात तरी असं होऊ नये. खताच्या जगभरच्या पुस्तकांत या शहराचं नाव एका कामाला जोडलेलं आहे, आणि ते काम सहावीतली मुलंही करू शकतात.

हकीकत अशी. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर १९२४ साली ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. आजचं कृषी महाविद्यालय ते हेच आवार. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि कामात बरोबरीच्या. संशोधन कापसावर करायचं होतं, पण हॉवर्ड यांचं लक्ष कापसाखालच्या मातीकडे गेलं. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात, मग शेताला उरतं काय? त्यावर त्यांनी जी रीत बसवली ती ‘इंदूर पद्धत’. पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात द्यायचे. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद, पण खोल जेमतेम २-३ फूट, कारण आत हवा खेळली पाहिजे. तीन वेळा खालीवर करायचं. तीन महिन्यांत खत तयार. ही कृती १९३१ साली पुस्तकरूपाने आली. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर संस्थेतले रसायनज्ञ यशवंत वाड यांचंही नाव आहे. हॉवर्ड सगळ्यांना ठाऊक आहेत, वाड फार थोड्यांना.

हाताने शिकण्याची परंपराही आपल्याला लांबची नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीममध्ये सूतकताईबरोबर शेती आणि बागकामही शिक्षणाचं साधन ठरलं. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. त्यात मुलं स्वतः करून बघत आणि वहीत निष्कर्ष लिहीत. तो कार्यक्रम २००२ साली बंद झाला, पण करून बघायला कोणाची बंदी आहे?

आपल्या काळ्या मातीपुरते तीन प्रयोग पुरेत.

पहिला बरणीचा. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी. झाकण लावून खूप हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटभरात तळाशी बसते, गाळाला काही तास लागतात, चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. प्रत्येक थर पट्टीने मोजायचा. शेजारी खान नदीच्या काठच्या मातीची बरणी ठेवली की वाद आपोआप सुरू होतो.

दुसरा बांगडीचा. ओल्या मातीची वळी करून वाकवा. काळी माती बांगडीसारखी वळते, रेताड माती तुटते. तीच काळी माती बशीत थापून उन्हात ठेवा, भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतं का फाटतात आणि पावसाळ्यात त्यांत पाणी का साचतं, हे मुलांना इथे उमगतं. हॉवर्ड यांनाही माळव्यात हाच पेच पडला होता.

तिसरा खताचा. जुलैत सुरू करायचं तर खड्डा नको, पाणी भरतं; जमिनीवर ढीग रचा. इंदूर पद्धतीतही पावसाळ्यात हेच करत. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी खालीवर करा. मधे एखाद्या दिवशी लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर ती किती तापली आहे ते आधी गुरुजींनी पाहावं, मग मुलांनी. दिवाळीच्या आसपास सगळा कचरा ओळखू न येणारा झालेला असतो.

आज इंदुरात घराघरांत ओला आणि सुका कचरा वेगळा होतो, मुलांना ते तोंडपाठ आहे. पण ओल्या कचऱ्याची माती व्हायला काय लागतं हे त्यांनी पाहिलेलं नसतं, आणि वसाहतींखाली काळी जमीन वर्षागणिक झाकली जाते आहे. स्मारकाला फलक लावता येतो, मातीला नाही. तिचा वारसा जपायचा तर तो मुलांच्या हातांतूनच पुढे जाईल. म्हणून वारसा-सहलीत राजवाडा आणि छत्र्या दाखवतो तसं वाटेत एखाद्या शेतातली मूठभर मातीही उचलू द्यावी.