कामगारांच्या भरपाईचा कायदा व आपले एक वकील

धर्मशाळा बांधणारे व विद्यार्थी-फंडास देणग्या देणारे यांची नोंद आपल्या ज्ञातीच्या इतिहासात आदराने झालेली आहे. अपंग कामगारांची बाजू मांडण्यात ज्यांनी उमेद वेचली, त्या एका वकिलांची नोंद मात्र राहून गेली. आपले नाव कोठेही छापू नये असे ते जन्मभर सांगत. म्हणून येथेही ते देत नाही.

प्रथम कायद्याची पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. पूर्वी यंत्रात हात गेलेल्या कामगारास मालकाचा दोष सिद्ध केल्यावाचून काही मिळणे दुरापास्त असे. १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा झाला व १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. कामावर असता व कामामुळे इजा झाल्यास, मालकाचा दोष नसला तरीही, सामान्यतः भरपाई देणे त्यास भाग पडले. कायद्याच्या मूळ परिशिष्टात अवयवांचे कोष्टकच होते. उजवा हात कोपरापासून गेल्यास कमाईची शक्ती शेकडा ७० घटली असे धरीत. डावा गेल्यास ६०, एक डोळा गेल्यास ३०, अंगठा गेल्यास २५.

परंतु सुताराचा हात व कारकुनाचा हात कोष्टकात सारखेच, हे वकीलसाहेबांचे शल्य होते. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या दाव्यात निर्णय दिला, की डावा हात कोपराच्या वरून कापला गेल्यावर त्यास सुतारकाम अशक्य झाले, सबब त्याचे अपंगत्व पूर्णच मानले पाहिजे. त्या निकालाची प्रत वकीलसाहेब सदैव जवळ बाळगीत.

१९७७ साली मी त्यांच्याकडे अर्जांच्या नकला करीत असे. एका सुताराचा उजवा पंजा करवतयंत्रात गेला होता. कंत्राटदार आपल्याच ज्ञातीतील. त्याने दोनशे रुपये देऊन 'माझी काही मागणी उरली नाही' अशा कागदावर सुताराच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला होता. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याच्या १७ व्या कलमान्वये रद्दबातल ठरे.

मंडळातील चार वडीलधारी मंडळी वकीलसाहेबांकडे आली. "घरचा माणूस आहे, दावा काढून घ्या," असे त्यांनी विनविले. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "तोही कोणाच्या तरी घरचाच आहे." दावा चालला, कागद टिकला नाही व पूर्ण अपंगत्वाची भरपाई मंजूर झाली. त्यानंतर मंडळाच्या वार्षिक सभेचे निमंत्रण त्यांना कधीही गेले नाही. ते त्याविषयी अवाक्षर बोलले नाहीत.

त्या चौघांत माझे वडीलही होते, हे सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

पुढे हा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आला. कायदे बदलतात, जखमी माणसापुढे कोरा कागद धरण्याची वृत्ती मात्र आपणच सोडावयाची आहे. आपल्यातील कारखानदार व कंत्राटदार बंधूंनी एवढे मनावर घ्यावे व मंडळाने आपल्या दप्तरी त्या वकिलांची नोंद करावी, ही नम्र विनंती.