उत्तेजक रेचके : अधूनमधूनच्या बद्धकोष्ठतेवर अल्पकाळचा उपाय

प्रवास, जागरण, उपवास, लग्नसराईतील जेवणे किंवा आजारपणातील विश्रांती यांमुळे दोन-चार दिवस शौचास साफ न होणे, हा अनुभव बहुतेकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी अनेकजण औषधांच्या दुकानातून स्वतःच एखादी गोळी किंवा चूर्ण आणतात. यांपैकी बरीच औषधे ‘उत्तेजक रेचक’ या गटात मोडतात. योग्य मात्रेत आणि मोजके दिवस घेतल्यास निरोगी प्रौढांसाठी ती सामान्यतः सुरक्षित मानली जातात. मात्र ती रोजची सवय झाल्यास, अथवा पोटदुखीचे कारण न शोधता घेतल्यास, अपाय संभवतो.

बद्धकोष्ठता कशास म्हणावे?

रोज शौचास झालेच पाहिजे, असा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढी व्याप्ती स्वाभाविक समजली जाते. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मल कठीण व खड्यांसारखा असणे, फार कुंथावे लागणे आणि पोट साफ न झाल्याची भावना राहणे, ही बद्धकोष्ठतेची लक्षणे होत. केवळ एक दिवस चुकला म्हणून औषधाची गरज नसते.

औषध कसे कार्य करते?

बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट आणि सोनामुखी ही या गटातील प्रमुख औषधे. ती मोठ्या आतड्याच्या आकुंचनाला चालना देतात आणि मलातील पाणी आतड्यात शोषले जाण्याचे प्रमाण घटवतात. सोनामुखीतील सेनोसाइड हे घटक जठरात व लहान आतड्यात जवळजवळ निष्क्रिय राहतात. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांचे सक्रिय द्रव्यात रूपांतर करतात. म्हणून गोळीचा परिणाम दिसण्यास साधारणतः ६ ते १२ तास लागतात. रात्री झोपताना घेतलेली गोळी सकाळी काम करते. लगेच परिणाम झाला नाही म्हणून दुसरी मात्रा घेणे, ही सर्रास होणारी चूक आहे. गुदद्वारातून द्यावयाची बिसाकोडिलची वडी मात्र १५ मिनिटे ते एक तासात परिणाम करते.

सोनामुखीचे पीक तमिळनाडूतील तिरुनेलवेली परिसरात मोठ्या प्रमाणावर घेतले जाते आणि तेथील पाने जगभर निर्यात होतात. बाजारातील अनेक ‘पाचक’ चूर्णांतही ती असते. वेष्टनावर सोनामुखी, सनाय किंवा स्वर्णपत्री यांपैकी कोणतेही नाव असल्यास ते चूर्णही उत्तेजक रेचकच समजावे. ‘आयुर्वेदिक’ म्हणून ते अमर्याद घेता येते, हा समज चुकीचा आहे. जुन्या काळी घरोघरी दिले जाणारे एरंडेलही याच प्रवृत्तीचे असून, त्याचा परिणाम अधिक जलद व तीव्र असतो. गर्भवतींनी ते टाळावे.

मात्रा आणि कालावधी

प्रौढांसाठी बिसाकोडिलची नेहमीची मात्रा रात्री ५ ते १० मिलिग्रॅम आहे. प्रारंभ कमी मात्रेने करावा. या गोळीवर आतड्यातच विरघळणारे आवरण असते. त्यामुळे ती चावू अथवा फोडू नये. दूध किंवा आम्लपित्तावरील औषध गोळीच्या आधी-नंतर तासभर घेऊ नये. अन्यथा आवरण जठरातच विरघळून पोटात कळ येऊ शकते.

वैद्यकीय सल्ल्याविना हे औषध एका आठवड्यापेक्षा अधिक काळ घेऊ नये. जुनाट बद्धकोष्ठतेसाठी अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांत बिसाकोडिल व सोडियम पिकोसल्फेट यांचा अल्पकालीन, म्हणजे चार आठवड्यांपर्यंतचा, किंवा अधूनमधूनचा वापर सुचविला आहे. तो वैद्यकीय देखरेखीखालील उपचार होय. स्वतःच मुदत वाढविण्याची ती मुभा नव्हे.

पोटात कळ, मळमळ आणि पातळ जुलाब हे नेहमी आढळणारे दुष्परिणाम आहेत. सोनामुखीने लघवीचा रंग पिवळसर-तपकिरी किंवा तांबूस होऊ शकतो. तो निरुपद्रवी असतो. जुलाब वाढल्यास शरीरातील पाणी व पोटॅशियम कमी होते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या हृदयरुग्णांसाठी, तसेच मूत्रपिंडविकार असलेल्या व वृद्ध व्यक्तींसाठी हे विशेष धोक्याचे असते. त्यांनी, तसेच गर्भवती व स्तनदा मातांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मुलांना ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत.

वजन घटविण्यासाठी वापर घातक

अन्नातील ऊर्जा प्रामुख्याने लहान आतड्यात शोषली जाते, तर ही औषधे मोठ्या आतड्यावर काम करतात. त्यामुळे जुलाबानंतर काट्यावर दिसणारी घट मुख्यतः पाण्याची असते. अशा गैरवापरामुळे ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये या औषधांच्या पाकिटांचे आकार आणि वापरासाठीचे वय यांवर निर्बंध घातले.

तातडीने डॉक्टरांकडे केव्हा जावे?

तीव्र पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या आणि वायूही न सरणे ही आतड्यातील अडथळ्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी रेचक घेणे जिवावर बेतू शकते. थेट रुग्णालय गाठावे. मलातून रक्त जाणे, कारणाविना वजन घटणे, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल यांचीही तपासणी आवश्यक आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान अशा लक्षणांवर केवळ रेचके घेत राहिल्याने लांबू शकते.

औषधाआधी काय करावे?

पुरेसे पाणी, भाजी, फळे, कडधान्ये व भाकरी यांतील तंतू, चालणे आणि न्याहारीनंतर ठरावीक वेळी शौचास बसणे, हे पहिले उपाय होत. कमोडवर बसताना पायांखाली छोटा पाट ठेवल्यास कुंथणे कमी होते. इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यावे. त्याचा परिणाम दिसण्यास एक ते तीन दिवस लागू शकतात. लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके व रक्तदाबाची काही औषधे यांमुळेही बद्धकोष्ठता होते. असा संशय आल्यास ती औषधे परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. वारंवार रेचकाची गरज भासत असेल, तर मूळ कारण शोधण्याची वेळ आली आहे, असे समजावे.