लाईट गेली... आणि आली!

परवा यवतमाळला घरी गेले होते. रात्री वीज कडाडली, दिवे एकदम मंदावले आणि लगेच सावरले. "रीक्लोज झाली," बाबा म्हणाले. ते वीज मंडळात सबस्टेशनवर ऑपरेटर होते, घरच्या मंडळींना ठाऊक आहेच.

त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत तिथला रिले फक्त लाईन तोडायला सांगायचा. पुन्हा जोडायला बाबांचाच हात लागे. अमेरिकेत मात्र १९३० च्या दशकातच हे काम यंत्राकडे गेलं होतं.

उघड्या तारांवरचे बहुतेक बिघाड क्षणिक असतात. वीज पडली की तारेतून टॉवरकडे ठिणगी उडते. रिले तीनपैकी तेवढीच तार तोडतो, ठिणगी विझते, साधारण सेकंदभरात ब्रेकर परत जोडला जातो. बिघाड तसाच असेल तर तिन्ही तारा बंद!

"म्हणजे माणसाचं काम संपलं?" मी विचारलं.

बाबा हसले नाहीत. चालू लाईनवर माणसं काम करत असली की रीक्लोजिंग आधी बंद ठेवतात. बंद लाईनवर असतील, तर 'लाईन क्लिअर'चा कागद परत येईपर्यंत ब्रेकरला हात लावायचा नाही.

१९६० चं मंडळ २००५ मध्ये विभागलं गेलं, रिले संगणकासारखे झाले. पण खांबावर कोण चढलंय, हे रिलेला अजूनही दिसत नाही.