पुढच्या आठवड्याचे आभाळ

चैत्र लागला की आपल्याकडच्या शेतकऱ्याची एक नजर खळ्यावर असते आणि दुसरी आभाळाकडे. गहू काढून पडलेला असतो, कांदा वाफ्यातच सुकत असतो, नाशिककडे द्राक्षांचे शेवटचे घड उतरत असतात, कोकणात हापूस पाडाला आलेला असतो. अशा वेळी दुपार कलताना ढग उठतो, वावटळ सुटते आणि अर्ध्या तासात वर्षाची मेहनत गारांखाली जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्र यांनी हे फार मोठ्या प्रमाणावर भोगले.

तेव्हा ‘येत्या आठवड्यात आपल्या जिल्ह्यात हवा कशी राहील?’ हा प्रश्न काही रिकामटेकड्या गप्पांचा नव्हे. गंमत अशी की, प्रश्न शेतीइतका जुना असला तरी त्याचे हिशेबी उत्तर देण्याची विद्या मात्र अगदी अलीकडची आहे.

आपल्या वाडवडिलांनीही उत्तरे शोधलीच होती. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, चिमण्या धुळीत न्हाल्या, वैशाखात कावळ्याने अमुक झाडावर घरटे बांधले, यावरून ते पावसाचे अनुमान बांधीत. पाडव्याला पंचांगातले वर्षफल ऐकत. या साऱ्या खुणांना खुळचट म्हणून मोडीत काढायचे कारण नाही. वाऱ्यातला, हवेतला बदल सरावलेल्या डोळ्यांना चटकन कळतो. पण या दृष्टीला एक मर्यादा होती. माणूस आपल्याच शिवारातले आभाळ पाहत होता, आणि हवा तर परगावाहून येते! आपल्याकडच्या वसंतातली गारपीटच घ्या. वर पश्चिमेकडून येणारे थंड वारे, खाली समुद्रावरून आलेली दमट हवा आणि तापलेली जमीन, एवढ्यांची गाठ पडावी लागते. त्यांतले पहिले दोघे पाहुणे चार दिवसांपूर्वी कुठे होते, हे बांधावर उभे राहून कसे दिसावे?

परगावचे आभाळ प्रथम दाखवले ते तारायंत्राने. इंग्लंडमध्ये १८५४ साली रॉबर्ट फिट्झरॉय या आरमारी अधिकाऱ्याकडे हवामानाच्या नोंदींचे खाते सोपवण्यात आले. डार्विनला जगप्रवासाला नेणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान तो हाच. १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटून चारशेच्या वर माणसे बुडाली. फिट्झरॉयने किनाऱ्यावरच्या ठाण्यांतून तारेने बातम्या मागवायला सुरुवात केली, आणि १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात त्याचा पहिला जाहीर अंदाज छापून आला. अंदाज चुकले की त्याची टवाळी होई. १८६५ साली त्याने आत्महत्या केली, आणि पुढल्या वर्षी हे अंदाज बंदही झाले. लोकांना ते पुन्हा मिळू लागले ते १८७९ पासून.

आपल्या देशातही ही विद्या संकटांच्या पाठोपाठच आली. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने हजारो माणसे मारली. मागोमाग ओरिसात भीषण दुष्काळ पडला. १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली भारतीय हवामान खाते उभे राहिले. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुण्यातल्या त्या इमारतीला लोक ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले ते यामुळेच. तिथेच १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे शेतकी हवामानाची शाखा सोपवली गेली, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीची हवामानवार्ता रेडिओवरून जाऊ लागली.

पण श्रोतेहो, हे सारे अंदाज एक-दोन दिवसांचे. आठवडा अजून दूर होता. लुईस रिचर्डसन नावाच्या गणितज्ञाने पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिकेवर काम करता करता फक्त सहा तासांचे हवामान गणिताने काढून पाहिले. त्यासाठी लागले कित्येक आठवडे. आणि उत्तर आले ते असे की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबार बदलावा! प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता. तरीही १९२२ साली त्याने पुस्तक काढले आणि हे चुकलेले गणित त्यात जसेच्या तसे छापले. त्याची वाट बरोबर होती. १९५० साली अमेरिकेत संगणकाने त्याच वाटेने पहिला अंदाज काढून दाखवला.

आता आठवड्याची गोष्ट. दोन दिवसांचे हवामान सांगायला शेजारचा मुलूख पुरतो. आठ दिवसांचे सांगायला जवळजवळ सगळी पृथ्वी लागते. १९६० पासून उपग्रह वरून पाहू लागले. युरोपातल्या देशांनी वर्गणी काढून एक केंद्र उभारले आणि १ ऑगस्ट १९७९ रोजी, योगायोगाने फिट्झरॉयच्याच तारखेला, तिथून मध्यम पल्ल्याचे नियमित अंदाज निघू लागले. भारतानेही याच कामासाठी १९८८ साली स्वतंत्र केंद्र स्थापले. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गुरुवारचा अंदाज हा शेकडो परक्या गावांनी रोज वेळेवर केलेल्या नोंदींवर उभा असतो.

मग तो चुकतो का? १९६३ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखवून दिले की, आजच्या नोंदीतली रेसभर चूक दिवसागणिक वाढत जाते. म्हणून पहिले दोन दिवस भरवशाचे, सहावा-सातवा नुसता रोख सांगणारा. शिवाय शब्द नीट ऐकावे लागतात. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा खात्याच्या भाषेत अर्थ असा, की त्या भागातल्या फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर तो पडेल. आपल्या वावरात थेंब पडला नाही म्हणून अंदाज खोटा ठरत नाही, बरं का! गार नेमकी कोणत्या गावावर कोसळणार, हे आठवडाभर आधी आजही कोणी सांगू शकत नाही.

मात्र गहू झाकायला तेवढे नेमके कळायची गरज नाही. सोमवारी ऐकले की गुरुवारी गारांचा संभव आहे, तर मंगळवारी पुन्हा ऐकावे आणि बुधवारी माल आडोशाला न्यावा. गार आली नाही तर एका दिवसाची मजुरी वाया जाईल. न ऐकता ती आली तर हंगाम जाईल. फिट्झरॉयने टवाळी सोसून जी गोष्ट सुरू केली ती ही, वेळेवर दिलेला इशारा. तिचा उपयोग करून घेणे आता आपल्या हाती आहे.