न सुटलेला पापुद्रा

निखाऱ्यावर टाकलेली भाकरी फुगते आणि तिचा पापुद्रा सुटतो. गर्भाच्या हृदयात ट्रायकस्पिड झडप बरीचशी अशीच घडते. उजव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली ही तीन पाकळ्यांची झडप. खालच्या कप्प्याच्या भिंतीचा आतला थर सुटत जातो आणि त्यातून पाकळ्या मोकळ्या होतात. क्वचित एखाद्या बाळात हा पापुद्रा सुटत नाही. मधल्या पडद्याकडची आणि मागची पाकळी भिंतीलाच चिकटून राहते, पुढची शिडासारखी मोठी होते. झडपेचं तोंड हृदयाच्या टोकाकडे सरकतं आणि खाली ढकललेलं रक्त पुन्हा वर फिरतं.

1864 साली ब्रेस्लाऊच्या रुग्णालयात 19 वर्षांचा एक कामगार दगावला. धाप आणि धडधड त्याला लहानपणापासूनच होती. ते शहर आज पोलंडमध्ये आहे, व्रोत्सवाफ या नावाने. विल्हेल्म एब्स्टाइन या तरुण डॉक्टरने शवविच्छेदनात त्याची झडप पाहिली आणि 1866 साली तिचं बारकाईने वर्णन छापलं. या व्यंगाला पुढे एब्स्टाइनचंच नाव मिळालं. उपचार मात्र जवळजवळ शंभर वर्षं नव्हता, कारण हृदय थांबवून आत हात घालायची सोयच नव्हती.

हार्ट-लंग मशीन आल्यावर वाट उघडली. केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी अशा रुग्णात कृत्रिम झडप बसवल्याचं 1963 साली प्रसिद्ध केलं. हृदयरोपणाने ते जगभर गाजले, ते त्यानंतर. पण लहान मुलाला बसवलेली झडप मुलाबरोबर वाढत नाही. यांत्रिक झडपेवर रक्ताची गाठ धरण्याची भीती असते, म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध जन्मभर घ्यावं लागतं. म्हणूनच आहे तीच झडप दुरुस्त करण्याचा ध्यास शल्यविशारदांनी सोडला नाही.

अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये गॉर्डन डॅनियल्सन यांनी 1970 च्या दशकात पुढच्या मोठ्या पाकळीवरच भिस्त ठेवली. खालच्या कप्प्याच्या पातळ भिंतीला आडवी चुणी घालायची आणि त्या एकाच पाकळीने दार मिटेल असं करायचं. पॅरिसच्या आलँ कार्पाँतिए यांनी 1988 मध्ये पुढचं पाऊल मांडलं: ती पाकळी मुळापासून सोडवून फिरवायची, झडपेच्या मूळ जागी शिवायची आणि चुणी उभी घालायची. मला हे पाऊल फार मोठं वाटतं. धडधडत्या आयुष्यासाठी एकुलती एक चांगली पाकळी कापून हातात घ्यायची, याला केवढा विश्वास लागतो!

तरी चिकटलेल्या पाकळीला कोणी फारसं जमेस धरत नव्हतं. ते साओ पाउलोच्या जोसे पेद्रो दा सिल्वा यांनी 1993 पासून केलं. गर्भात अर्धवट राहिलेलं काम ते हाताने पुरं करतात. चिकटलेला पापुद्रा कात्रीने हलकेच सोडवायचा, मिळेल तेवढी पाकळी गोळा करायची, कडेला कड शिवून पूर्ण गोल शंकू करायचा. शंकूचं निमुळतं टोक हृदयाच्या टोकाकडे, रुंद तोंड झडपेच्या खऱ्या जागी. मग पाकळीवर पाकळी टेकून झडप मिटते. या शंकूवरूनच शस्त्रक्रियेचं नाव ‘कोन’, म्हणजे इंग्रजीत शंकू. पहिल्या 40 रुग्णांचा अनुभव त्यांनी 2007 साली मांडला.

शिवताना दोन जागा जपाव्या लागतात. मधल्या पडद्यापाशी हृदयाच्या ठोक्याचा विद्युतसंदेश खाली नेणारी गाठ असते. टाका खोल गेला तर ठोक्यांची लय तुटते. बाहेरच्या खोबणीतून उजवी करोनरी धमनी जाते. चुणी ताणली तर ती मुडपते. सोडवायला पुरेसा पापुद्राच नसेल, तर शंकूही जमत नाही. तिथे आजही बाहेरची झडपच बसवावी लागते.