इझचं गाणं आणि पुराव्याचा प्रश्न

इस्रायल कामाकाविवोओले हे नाव उच्चारायला अवघड. पण युकुलेलेवर एकटाच गाणाऱ्या या धिप्पाड माणसाचा मऊ आवाज तुम्ही कुठल्या ना कुठल्या जाहिरातीत किंवा सिनेमात ऐकला असेल. 'ओव्हर द रेनबो' गाणारा तो हाच. हवाईत त्याला नुसतं 'इझ' म्हणतात. संशोधनाची तयारी करताय ना, मग त्याचं चरित्र जरा पुराव्याच्या अंगाने वाचून बघा.

ढोबळ टप्पे सोपे आहेत. जन्म 1959. 1976 च्या सुमारास थोरला भाऊ स्किपी आणि मित्रांबरोबर 'माकाहा सन्स ऑफ नीइहाऊ' हा गट. 1982 मध्ये स्किपी गेला, गट चालू राहिला. 1990 मध्ये पहिला स्वतंत्र अल्बम, 1993 मध्ये 'फेसिंग फ्यूचर'. अतिलठ्ठपणामुळे श्वसनाचा त्रास वाढत गेला आणि 26 जून 1997 रोजी, वयाच्या 38 व्या वर्षी तो गेला.

आता गंमत बघा. 'ओव्हर द रेनबो' त्याच्या दोन्ही अल्बममध्ये आहे. 1990 मधलं वाद्यवृंदासह, 1993 मधलं फक्त युकुलेलेवर. कोणीही म्हणेल, आधी भरगच्च केलं, मग साधेपणाकडे वळला. पण साधं ध्वनिमुद्रण 1988 चं आहे! ते पाच वर्षं पडून होतं. प्रकाशनाचं वर्ष आणि निर्मितीचं वर्ष एकच धरलं, की कलाकाराचा 'विकास' उलटा लिहिला जातो. आणि वाचताना तो अगदी पटतो, हा खरा धोका.

त्या 1988 च्या रात्रीची गोष्टही प्रसिद्ध आहे: पहाटे तीनच्या सुमारास फोन, थोड्या वेळात इझ स्टुडिओत हजर, एका दमात गाणं पूर्ण. ती सांगतो ध्वनिमुद्रक मिलान बर्टोसा, तीही बऱ्याच वर्षांनी. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण आपल्या भाषेत सांगायचं तर नमुन्यांची संख्या एक. तुमच्या प्रबंधात 'बर्टोसा सांगतो' असं लिहा, 'असं घडलं' असं नको.

यापेक्षा मोठी अडचण निवडीची आहे. जगाला माहीत असलेला इझ म्हणजे 1939 च्या हॉलिवूडपटातलं गाणं गाणारा. 'फेसिंग फ्यूचर'ची सुरुवात मात्र 'हवाई '78'ने होते. जुने राजाराणी परत आले आणि त्यांनी आपल्या पवित्र भूमीवर हमरस्ते, सिग्नल पाहिले तर त्यांना काय वाटेल, असा त्याचा आशय. (हे मिकी इओने आणि साथीदारांचं, इझला सरसकट 'गीतकार-गायक' म्हणताना प्रत्येक गाण्याचं श्रेय तपासा.) 1893 मध्ये हवाईची राजसत्ता उलथवली गेली, 1896 च्या कायद्याने शाळांतून हवाईयन भाषा हद्दपार झाली, आणि 1978 मध्ये ती पुन्हा राज्याची अधिकृत भाषा झाली. ही पार्श्वभूमी गाळली तर ते गाणं नुसतं पर्यटनाचं पोस्टकार्ड होऊन बसतं. योगायोग असा, की अमेरिकन काँग्रेसने त्या सत्तापालटाबद्दल माफी मागितली तीही 1993 मध्येच.

दोन्ही इझ खरे आहेत. पण इंग्रजी जालावर पहिल्याबद्दल ढीगभर मजकूर मिळतो, दुसऱ्यासाठी हवाईयन शब्द समजून घ्यावे लागतात. त्याचं पार्थिव होनोलुलूच्या विधानभवनात ठेवलं तेव्हा हजारो लोक आले. 'ओव्हर द रेनबो'चा जगभर बोलबाला व्हायचा होता त्याआधीची ही गोष्ट. मग ते लोक नेमकं कोणाला निरोप द्यायला आले होते? शोधायला सुरुवात इथून करा.